मागचं डिफ्रेन्शियल स्वस्तात लॉक करायचंय? काळ्या रानात गाडी घालणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मिरगाचा पहिला दमदार पाऊस झाला की परभणी, हिंगोली, बीडकडून एकसारखे फोन येतात. तक्रार एकच असते: पांदण रस्त्याला जीप फसली, एक चाक जागेवर गरगर फिरतंय, दुसरं ढिम्म उभं आहे, काय करू? त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला: डिफ्रेन्शियल लॉक करायला कमीत कमी किती लागतील? गेली कितीतरी वर्षं जुन्या जीपा, बोलेरो आणि जिप्सी उघडतो-जोडतोय. त्यातून जे कळलं ते इथे लिहून ठेवलंय. ज्यांच्या गाड्या रोज रानात जातात आणि रविवारी लग्नालाही जातात, त्यांच्यासाठी हे आहे.

फोर बाय फोर गाडी असूनही ती एका चाकापायी कशी काय अडते?

बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर आपापली मोकळी फिरतात, म्हणून वळताना बाहेरचं चाक जास्त फिरलं तरी काही अडत नाही. मोटारीत चाकांना इंजिनाचा जोरही द्यायचा असतो आणि वळताना मोकळीकही, ते काम डिफ्रेन्शियल करतं. आतले साईड गियर आणि त्यांच्यामधले छोटे स्पायडर गियर दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर वाटतात.

घोळ इथेच होतो. एक चाक चिखलात असेल आणि त्याला फिरवायला २० किलोचा जोर पुरत असेल, तर दुसऱ्या, कोरड्या चाकालाही २० किलोच मिळतो. इंजिन कितीही दमदार असलं तरी त्याचा उपयोग नाही.

आपल्या काळ्या मातीत हे लवकर घडतं, कारण ती पाणी पिऊन फुगते. वरचा दोन-तीन इंचाचा थर लोण्यासारखा होतो आणि टायरच्या खाचा भरून टाकतो. दोन फेऱ्यांत नवं टायरसुद्धा गोट्यासारखं गुळगुळीत होतं. फोर बाय फोर लावलं तरी पुढच्या एक्सलमध्ये तसंच मोकळं डिफ्रेन्शियल असतं. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी हलकं झालं, की चारही चाकांची गाडी उभी राहते. बांध तिरका ओलांडताना नेमकं हेच होतं.

ट्रॅक्टरला उजव्या टाचेजवळ पेडल असतं, तेच का हे?

तेच. ट्रॅक्टरवाल्याला डिफ्रेन्शियल लॉक समजावून सांगावा लागत नाही. एक चाक तासात बसलं की टाचेने पेडल दाबायचं, दोन्ही चाकं एक होतात, बाहेर आलं की पाय काढायचा. लॉक लागलेला असताना वळायचं नाही, हेही त्याला ठाऊक असतं. जीपला स्वस्तात लॉक करायचं म्हटलं की अडचण ही येते, की बहुतेक स्वस्त उपायांत पाय काढायची सोय नसते.

माझ्या गाडीत आधीपासून लॉक आहे का, ते कसं बघू?

सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचला आणि एक्सलखाली घोड्या द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. गियर न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक सोडा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेला फिरलं तर डिफ्रेन्शियल मोकळं आहे. त्याच दिशेला फिरलं तर ते लॉक आहे, किंवा आत प्लेटवालं एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफ्रेन्शियल, प्लेटांच्या घर्षणाने अर्धवट लॉक होणारं) आहे.

यात एक फसगत होते. थार किंवा बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमधलं आपोआप लागणारं मेकॅनिकल लॉक हाताने हळू फिरवल्यावर मोकळंच वाटतं, कारण ते वेगाच्या फरकावर लागतं. जुनी गाडी घेताना एवढ्यावरून ‘लॉक नाही’ असं ठरवू नका.

पैसे घालायच्या आधी काय करून बघू?

टायरची हवा कमी करा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. डांबरीवर ३० पौंड ठेवत असाल, तर रानात शिरताना १८ वर आणा. टायर लांबट बसतं, जास्त मातीला धरतं आणि थोडं पसरल्यामुळे खाचांतली माती सुटायला मदत होते. १५ च्या खाली मात्र ट्यूबलेस टायर रिमवरून निसटायची भीती असते. हवा कमी असताना गाडी सावकाश चालवा आणि डांबरीला लागायच्या आधी हवा भरा. बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप गाडीतच असू द्या.

दुसरं म्हणजे टायर. रस्त्याचं घासलेलं टायर ठेवून डिफ्रेन्शियलवर खर्च करणं मला पटत नाही. लॉक करूनही दोन गुळगुळीत चाकंच फिरणार.

आणि तिसरं, वापसा येऊ द्या. पाऊस उघडून ऊन पडलं की काही तासांत वरचा थर आवळतो. पेरणीला आपण वापशाची वाट बघतो, तशी गाडी घालायलाही बघावी. घरात कुणी आजारी असेल तर थांबता येत नाही हे मान्य. बाकीच्या वेळी थांबता येतं.

हँडब्रेक अर्धा ओढून गाडी निघते म्हणतात, खरं का?

थोडीफार निघते, पण लोक समजतात तेवढी नाही. हिशेब बघा. चिखलातलं चाक २० किलो मागतंय. हँडब्रेक ओढून दोन्ही चाकांवर ३० किलोचा अडथळा आला, तर डिफ्रेन्शियल आता दोन्हीकडे ५० देतं. पण कोरड्या चाकाला त्यातले ३० स्वतःचा ब्रेक तोडायलाच लागतात. हाती राहिले तेच २०.

तरीही प्रत्यक्षात फरक पडतो, कारण गियर एकमेकांवर घासतात आणि थांबलेल्या चाकाला थोडा जास्त जोर जातो. समजा पाचवा हिस्सा जास्त जातो. मग ब्रेकशिवाय मिळाले असते २४, आणि ब्रेक ओढून ६० मधून ३० वजा जाऊन ३०. एवढ्याशा फरकावर गाडी कधीकधी निघून जाते. ज्या गाडीत प्लेटवालं एलएसडी आहे तिथे ही युक्ती फार चांगली चालते.

एक लक्षात ठेवा. जुन्या विलीज वळणाच्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकांत नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या डब्याच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. तिथे ओढून काडीचाही उपयोग नाही, उलट शाफ्टच अडतो.

मग एकाच चाकाला ब्रेक लावता आला तर?

हा माझा सगळ्यात आवडता उपाय, आणि का कोण जाणे, आपल्याकडे फारसा कुणी करत नाही. वरच्याच हिशेबात ब्रेक फक्त घसरणाऱ्या चाकाला लावा. तिकडे झाले २० आणि ३०, म्हणजे ५०. दुसऱ्या बाजूलाही ५० येतात आणि तिथे ब्रेक नसल्यामुळे ते सगळेच्या सगळे गाडी ढकलायला मिळतात. म्हणजे अडीचपट. ट्रॅक्टरला डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो तो वळायला, पण चाक घसरल्यावर त्याच ब्रेकने जुने ड्रायव्हर ट्रॅक्टर काढतात, ते याच तत्त्वावर.

ज्या गाडीत हँडब्रेकची केबल दोन्ही चाकांना वेगवेगळी जाते, तिथे मधला जोड काढून दोन लिव्हर बसवता येतात. भंगारातून दुसरं लिव्हर आणायचं, पक्क्या पत्र्यावर शेजारी शेजारी बसवायचं आणि दोघांना जोडणारी आरपार पिन ठेवायची. रस्त्यावर पिन घातलेली, म्हणजे हँडब्रेक नेहमीसारखा दोन्ही चाकांना लागतो. रानात पिन काढली की डावं-उजवं वेगळं. डिफ्रेन्शियल उघडावं लागत नाही, डांबरीवर गाडीचं वागणं बदलत नाही, एक्सलवर कायमचा ताण येत नाही.

पण पायाच्या ब्रेकच्या ऑईल लाईनीला हात लावू नका. तिथे व्हॉल्व्ह जोडून हेच करणारे असतात. साध्या वर्कशॉपमध्ये ते करू नये असं माझं ठाम मत आहे. लिव्हरही सतत ओढून धरू नका, पाच-दहा सेकंद ओढून सोडा. ड्रम तापतो. आणि ब्रेकचे लायनर चिखलाने भरले असतील तर आधी ते साफ करा, नाहीतर हिशेब कागदावरच राहील.

घसरणारं चाक साखळीने बांधून टाकलं तर?

जुने ट्रकवाले करायचे. घसरणारं चाक चेसिसला बांधलं की ते फिरू शकत नाही आणि सगळं फिरणं दुसऱ्या चाकाकडे जातं, तेही दुप्पट वेगाने. पण साखळी तुटली तर माणसाच्या तोंडावर येते, आणि ब्रेकचा पाईप वाटेत असेल तर तोही जातो. चाकाच्या टायरवर साखळ्या गुंडाळणं वेगळं. ते चांगलं आहे, जरूर करा. चाक बांधणं मात्र दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हा, माणसं लांब उभी करून आणि पहिल्या गियरमध्ये दोन-चार फुटांपुरतंच.

डिफ्रेन्शियल वेल्डिंग करून टाकू का? सगळ्यात स्वस्त तेच आहे ना?

मजुरीच्या दृष्टीने स्वस्तच. स्पायडर आणि साईड गियर एकमेकांना वेल्ड केले की दोन्ही चाकं कायमची एक. एका टायरच्या किमतीपेक्षाही कमी खर्च येतो. मी माझ्या पहिल्या जीपला केलं होतं.

त्या पावसाळ्यात रानात गाडी सुरेख चालली, हे प्रामाणिकपणे सांगतो. दिवाळीच्या सुमारास परळी–अंबाजोगाई रस्त्यावर अवकाळी भुरभुर होती. वळणावर मी पाय जरासा दाबला आणि गाडीची मागची बाजू पुढे यायला लागली. मागे माझा भाचा बसला होता. गाडी कडेच्या चारीत जाऊन थांबली. कुणाला लागलं नाही, पण त्या पोराचा पांढरा पडलेला चेहरा अजून आठवतो.

पुढे दोन महिन्यांनी आडतीसमोरच्या सिमेंटच्या पटांगणात सोयाबीनची पोती भरून गाडी वळवत होतो. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि उजवा एक्सल शाफ्ट गेला. बाहेर काढून बघितला तर त्याच्या टोकाच्या दातऱ्या सरळ राहिल्या नव्हत्या, दोरखंडाच्या पिळासारख्या फिरल्या होत्या. तुटलेल्या तोंडाचा जवळजवळ अर्धा भाग काळपट आणि गुळगुळीत होता, उरलेला भाग साखरेच्या दाण्यासारखा चमकत होता. म्हणजे चीर खूप आधीच पडली होती आणि रोजच्या प्रत्येक वळणाला थोडी थोडी वाढत होती. त्या दिवशी फक्त शेवटचा तुकडा तुटला.

कारण मोजता येतं. मागच्या दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरा. यू-टर्न घेताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा ४.४ मीटर जास्त चालतं. वळण लहान घ्या की मोठं, फरक तेवढाच. २८ इंची टायरचे हे जवळजवळ दोन पूर्ण फेरे झाले. चिखलात टायर घसरून हा फरक पचवतं. डांबरी-सिमेंटवर टायर घासतं, आणि जे टायरने पचत नाही ते एक्सलच्या पिळात जातं.

आणखी एक गोष्ट कमी लोक सांगतात. मोकळ्या डिफ्रेन्शियलमध्ये एक चाक घसरत असताना दुसरं शांत असतं, ते गाडीला आडवं धरून ठेवतं. लॉक गाडीत दोन्ही चाकं एकदम घसरली की आडवी पकड संपते. कडेला उतार असलेल्या पांदीत गाडी पुढे न जाता खाली सरकते, थेट नाल्याकडे.

म्हणून माझं मत असं: जी जीप डांबरीवर कधीच जात नाही, फक्त मळ्यात चारा आणि पाईप ओढते, तिला वेल्डिंग चालेल. जिच्यात बायका-पोरं बसून तालुक्याला जातात, तिला नको.

गाडी मळ्यातच असते. मग वेल्डिंग नीट कसं करायचं?

आधी एक्सल बघा. फुल फ्लोटिंग असेल, म्हणजे ट्रकसारखा चाकाच्या मधोमध बाहेर आलेला हब आणि त्यावर बोल्टांची गोल रांग, तर शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. सेमी फ्लोटिंगमध्ये चाकाचं वजन शाफ्टच पेलतो. तो बाहेरच्या टोकाला तुटला तर चाक निघून जाऊ शकतं. अशा गाडीला मी वेल्डिंग करून देत नाही.

गाडीखाली झोपून, हाउसिंगच्या (एक्सलच्या बाहेरच्या डब्याच्या) आतच रॉड चालवणारे असतात. तसं करू नका. पूर्ण डिफ्रेन्शियल बाहेर काढा, बेअरिंग उतरवा, धुऊन पूर्ण कोरडं करा. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरू नका, तो तापला की विषारी वायू होतो. हे गियर वरून कडक केलेले असतात, थंडगार असताना वेल्ड मारला तर शेजारीच तडा जातो. सगळा गोळा सारखा गरम करून, साधारण २०० ते २५० अंशांवर, कोरड्या ठेवलेल्या ७०१८ रॉडने वेल्ड करा. नंतर कोरड्या वाळूत किंवा चुनखडीत पुरून रात्रभर सावकाश निवू द्या. वाऱ्यावर ठेवू नका, पाणी तर मुळीच नाही. वेल्ड गियरला गियरवर घ्या. बाहेरचा कॅरियर, म्हणजे हे गियर ज्यात बसतात तो सांगाडा, बिडाचा असेल तर साधा रॉड त्याला धरत नाही. शेवटी स्लॅगचा कण न् कण काढा, तो सुटला की बेअरिंग खातो.

लेथवाल्याकडून अखंड गोळा बनवून घेतला तर? त्याला स्पूल म्हणतात ना?

तयार स्पूल वेल्डिंगपेक्षा मजबूत असतो, कारण त्यात जोड नसतो. रस्त्यावरचं वागणं मात्र वेल्डिंगसारखंच. साध्या लोखंडाचा बनवून घेतलेला मी दोनदा बघितलाय, दोन्हींच्या आतल्या दातऱ्या सपाट झाल्या होत्या. योग्य पोलाद आणि हीट ट्रीटमेंट नसेल तर तो खर्च करू नका.

साईड गियरमागे जाड शिम (फट भरायची चकती) भरून टाईट करतात, ते कसं?

काही दिवस चालतं. मग शिम झिजतं, त्याचा कीस ऑईलमध्ये फिरतो आणि क्राऊन-पिनियनला, म्हणजे प्रोपेलरचा जोर आत आणणाऱ्या मुख्य गियरच्या जोडीला, लागतो. करू नका.

लंचबॉक्स लॉकर म्हणजे काय? तो परवडतो का?

जेवणाच्या डब्यात मावेल एवढा म्हणून हे नाव पडलं. कॅरियर तोच ठेवायचा, फक्त आतले स्पायडर आणि साईड गियर काढून त्यांच्या जागी दातेरी तुकडे बसवायचे. जोर लागला की ते एकमेकांत रुततात आणि दोन्ही चाकं एक होतात. वळताना बाहेरचं चाक पुढे पळालं की दाते एकमेकांवरून उड्या मारतात. तेव्हा मागून कट-कट आवाज येतो, तो बिघाड नाही.

वेल्डिंगपेक्षा खर्च बराच जास्त, पण पूर्ण डिफ्रेन्शियल बदलण्यापेक्षा कमी. रानात आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालणाऱ्या जुन्या गाडीला मला हा पटतो. कॅरियर झिजलेला असेल तर बसवू नका, आणि बसवताना तुकड्यांमधलं दिलेलं अंतर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, अंदाजाने नाही. मागची दोन्ही टायरं एकाच मापाची, सारख्या झिजेची आणि सारख्या हवेची हवीत, नाहीतर सरळ रस्त्यावरही तो खेचतो. वळणात ॲक्सिलरेटर दाबून ठेवला तर तो सुटत नाही आणि गाडी सरळ जाऊ बघते. वळणाआधी पाय हलका करायची सवय लावून घ्या. आणि गाडी दुसऱ्याच्या हातात देताना हे सांगा.

भंगारातून लॉकवाला एक्सल मिळतोय. घेऊ का?

तीन गोष्टी जुळल्या तर. शाफ्टच्या दातऱ्यांची संख्या, बेअरिंगची मापं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्राऊनचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर किती फेरे फिरतो ते. फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा रेशो एकच लागतो, नाहीतर फोर बाय फोर लावताच ट्रान्सफर केस पिळली जाते. मोकळ्या डिफ्रेन्शियलचा रेशो असा मोजा: एक चाक पक्कं धरून ठेवा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात प्रोपेलरचा जोड किती फिरला ते खडूची खूण करून बघा. सव्वापाचपेक्षा थोडे जास्त फेरे झाले तर रेशो साधारण ५.३८. भंगारवाल्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

नवी गाडीच लॉकवाली घेतली तर कुठली?

फोर्स गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे, ड्रायव्हरच्या हाताशी असलेला लॉक मिळतो. ट्रॅक्टरच्या पेडलच्या सगळ्यात जवळचं हेच. महिंद्राने थारला २०१५ साली मागे आपोआप लागणारा लॉक दिला, पुढे बोलेरो निओच्या एका मॉडेललाही आला. जिम्नीत खरा लॉक नाही, ती घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावते. म्हणजे वरची दोन लिव्हरची युक्तीच, पण संगणकाच्या हाताने.

थारवाल्यांची एक तक्रार असते, ‘लॉक लागतच नाही.’ तो लागायला दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडावा लागतो. चाक फिरायला लागलं की आपण घाबरून पाय काढतो, तिथेच गडबड होते. पाय स्थिर ठेवा, चाक क्षणभर फिरू द्या, लॉक धरतो तेव्हा मागून झटका कळतो.

आरटीओ आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील बनवणाऱ्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. दुसरा एक्सल टाकायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. आणि आतला कोणताही बदल विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने वेल्ड केलेलं डिफ्रेन्शियल बघितलं तर वाद होणारच.

लॉक केल्यावर देखभालीत काय बदलतं?

ऑईल लवकर बदला. ९० नंबरचं चांगलं गियर ऑईल वापरा, प्लेटवालं एलएसडी असेल तर त्याच्यासाठीचंच. ओढ्यातून गाडी काढली असेल तर हाउसिंगवरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची बारीक नळी) तपासा. गरम एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर चिखलाने बंद असेल तर ऑईल सीलमधून पाणी ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी भरायचा बोल्ट काढून बोट घाला. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्याच दिवशी ते काढून टाका. खालच्या बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावरची बारीक राखाडी पेस्ट नेहमीची समजा. नखाएवढे तुकडे दिसले तर मात्र गाडी हलवू नका, कव्हर उघडा.